सव्वा मिनिटाने उघडणारं बिलिंग: परवानग्यांचा घोळ कसा शोधायचा

जूनचा दुसरा आठवडा. कृषी सेवा केंद्राच्या काउंटरसमोर बियाण्यांसाठी रांग, आणि बिल करणाऱ्या ताई स्क्रीनकडे बघत बसलेल्या. बिलिंगच्या आयकॉनवर डबल क्लिक केल्यापासून पासवर्डची चौकट दिसेपर्यंत सव्वा मिनिट जायचं. मालकांनी फोन केला तो "रॅम वाढवून द्या" असं सांगायला. मशीन दोन वर्षांचं, आत एसएसडी, रॅम ८ जीबी. म्हटलं, रॅमचे पैसे तूर्त खिशातच राहू द्या, मी येऊन बघतो.

एका फोल्डरवर ताईंच्या लॉगिनला परवानगी नव्हती, एवढंच निघालं. दुरुस्तीला पाच मिनिटं लागली, शोधायला दोन तास, आणि त्यातला दीड तास मी नको तिथे घालवला. तुमचा तो दीड तास वाचावा म्हणून हे लिहितोय. ऑफिसात किंवा दुकानात "तुला कॉम्प्युटरमधलं कळतं ना, जरा बघ" असं ज्यांना सांगितलं जातं, त्यांच्यासाठी आहे. विंडोज १० किंवा ११ धरून चाललोय.

परवानगी नसेल तर प्रोग्रॅम बंद पडायला हवा, हळू का होतो? नवख्या माणसाला पडणारा हा प्रश्न अगदी रास्त आहे. प्रोग्रॅम उघडताना तो एकाच फाइलला हात लावत नाही. सेटिंगची फाइल, नोंदींची फाइल, बिलाचे नमुने, फॉन्ट, तात्पुरत्या फायली, शिवाय रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या वहीतल्या, शेकडो नोंदी, सगळं एकापाठोपाठ चाललेलं असतं. मध्येच एखाद्या फाइलला विंडोजने नकार दिला, की नीट लिहिलेला प्रोग्रॅम तसं स्पष्ट सांगतो. पण बरेच प्रोग्रॅम, विशेषतः जुन्या घडणीचे, असं धरून चालतात की फाइल कुणीतरी वापरतंय, थोडं थांबू आणि पुन्हा मागू. तलाठी कार्यालयात "उद्या या" ऐकून रोज नव्याने रांगेत उभं राहणाऱ्या माणसासारखं. ठरलेल्या खेपा झाल्या की तो नाद सोडतो आणि पुढे जातो. तुम्हाला संदेश दिसत नाही, चूक दिसत नाही, दिसतो तो फक्त उशीर.

आधी मोजून घ्या

मोबाइलचं स्टॉपवॉच घ्या. संगणक रीस्टार्ट करा, दोन मिनिटं थांबा, प्रोग्रॅम उघडा आणि वेळ कागदावर लिहा. बंद करून लगेच पुन्हा उघडा, तीही वेळ लिहा. पहिल्यांदा ४० सेकंद आणि दुसऱ्यांदा ६ लागत असतील, तर बहुतेक डिस्क किंवा अँटिव्हायरसची गोष्ट आहे, कारण दुसऱ्या वेळी फायली मेमरीत तयार असतात. दोन्ही वेळा जवळपास सारखाच उशीर होत असेल, तर आपल्या विषयाची शक्यता वाढते. इथे पहिल्यांदा ७५ सेकंद लागले, दुसऱ्यांदा ७२.

मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि तो समोर ठेवून प्रोग्रॅम सुरू करा. खरोखर काम करणारा प्रोग्रॅम सीपीयू किंवा डिस्क खाताना दिसतो. ताट वाढून ठेवलंय आणि कुणी जेवत नाही अशी अवस्था असेल, म्हणजे सीपीयू दोन-तीन टक्के, डिस्क शांत, आणि तरी प्रोग्रॅम उघडत नाही, तर तो कशाची तरी वाट बघतोय. अशा वेळी रॅम घालून काडीचा फरक पडणार नाही.

लॉगिन बदलून बघा

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात बोलकी चाचणी हीच. मी ती शेवटी केली आणि दीड तास घालवला. त्याच मशीनवर, त्याच प्रोग्रॅमसाठी, मालकांच्या लॉगिनवरून १२ सेकंद. ताईंच्या लॉगिनवरून ७२. मशीन तेच, डिस्क तीच, प्रोग्रॅमही तोच, बदलला तो फक्त माणूस. इथे निम्मं निदान झालं.

दुसरं लॉगिन नसेल तर प्रोग्रॅमवर राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' निवडा आणि वेळ मोजा. एकदम पटकन उघडला तर संशय पक्का. पण ही फक्त चाचणी. खूप ठिकाणी हाच उपाय म्हणून कायमचा लावलेला दिसतो, शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये टिक मारून. त्यातून नवी दुखणी येतात. नेटवर्क ड्राइव्ह, समजा झेड, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवलेल्या प्रोग्रॅमला बहुधा दिसतच नाही, कारण तो ड्राइव्ह साध्या अधिकाराने चाललेल्या सत्रात जोडलेला असतो. तशा वेळी तयार झालेल्या नव्या फायलींची मालकी ॲडमिनिस्ट्रेटर्स गटाकडे जाते, आणि पुढच्या वेळी साध्या लॉगिनला त्याच फायली अडवू शकतात. वर रोज काउंटरवर ॲडमिनचा पासवर्ड टाकायचा, म्हणजे तो आठवड्यात मॉनिटरला चिकटवलेल्या कागदावर येतो.

ताई तेव्हा सहज म्हणाल्या, "आणि माझ्याकडून बिल काढलं की वरचा नवा लोगो येत नाही, दादा. साहेबांनी काढलं की येतो." सगळ्यांनी ते प्रिंटरच्या नावावर खपवलं होतं. हे वाक्य मी आधी विचारून घ्यायला हवं होतं. परवानगीचा घोळ असला की उशिरासोबत असलं एखादं किरकोळ विचित्र वागणं हमखास असतं: सेटिंग लक्षात राहत नाही, शेवटची उघडलेली फाइल आठवत नाही, छपाई वेगळी येते. वापरणाऱ्या माणसाला "उशीर सोडून अजून काय वेगळं वाटतं?" असं जरूर विचारा.

प्रोसेस मॉनिटर: नेमकं कुठे अडलं

आता खरं हत्यार. प्रोसेस मॉनिटर हा मायक्रोसॉफ्टचा मोफत प्रोग्रॅम आहे, सिसइंटर्नल्स या संचातला. हा संच मार्क रसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल या दोघांनी उभा केला आणि २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने घेतला. मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून उतरवा, भलत्या ठिकाणाहून नको. इन्स्टॉल करावं लागत नाही, झिप उघडून चालवायचा.

एक गोम लक्षात ठेवा. लॉगिन अडचण असलेल्या माणसाचंच हवं, पण प्रोसेस मॉनिटरला ॲडमिनचे अधिकार लागतात. म्हणून ताईंच्या लॉगिनमध्येच बसून त्याला 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' द्यायचं आणि पासवर्ड मालकांकडून टाकून घ्यायचा. बिलिंग मात्र नेहमीसारखं साध्या क्लिकने उघडायचं. दोन्ही ॲडमिन म्हणून चालवलंत तर दोष गायब होईल आणि तुम्ही चक्रावाल.

उघडल्या उघडल्या ओळींचा धबधबा सुरू होतो. घाबरू नका. कंट्रोल-ई दाबून नोंदणी थांबवा, कंट्रोल-एक्स ने पाटी कोरी करा. कंट्रोल-एल ने गाळणीची खिडकी उघडते. तिथे 'प्रोसेस नेम', 'इज', मग तुमच्या प्रोग्रॅमच्या फाइलचं नाव, 'इन्क्लूड' असं भरा आणि 'ॲड' दाबा. फाइलचं नाव टास्क मॅनेजरच्या 'डिटेल्स'मध्ये सापडेल. आता पुन्हा कंट्रोल-ई, लगेच प्रोग्रॅम उघडा, पूर्ण उघडला की कंट्रोल-ई ने थांबवा. नोंदणी चालू ठेवून चहाला जाऊ नका. गाळणीमुळे ओळी फक्त लपतात, आत सगळ्या मशीनच्या नोंदी साठतच राहतात.

तरीही हजारो ओळी असतील. 'रिझल्ट' नावाचा रकाना बघा. 'सक्सेस' म्हणजे झालं. 'नेम नॉट फाउंड' म्हणजे तिथे फाइल नव्हती. ती ओळ शेकड्याने येते आणि बहुतेकदा निरुपद्रवी असते, प्रोग्रॅम एकच फाइल चार ठिकाणी शोधत असतो. 'शेअरिंग व्हायोलेशन' म्हणजे फाइल दुसऱ्या कुणीतरी धरून ठेवली आहे, ती वेगळी वाट. आपल्याला हवं ते 'ॲक्सेस डिनाइड'. अशा एखाद्या ओळीच्या रिझल्टवर राइट क्लिक करून 'इन्क्लूड' म्हटलं की फक्त तेवढ्याच ओळी उरतात.

नवखे इथेच फसतात. 'ॲक्सेस डिनाइड'च्या दहा-वीस ओळी निरोगी मशीनवरही दिसतात. प्रोग्रॅम आधी मोठा अधिकार मागतो, नकार मिळाला की गपचूप छोटा मागतो, आणि तो मिळतो. त्यात सेकंदाचा शतांशही जात नाही. दिसेल त्या प्रत्येक नकारावर परवानगी ओतत सुटलात तर मशीन उघडं पडेल आणि उशीर तसाच राहील. नकाराच्या ओळींमध्ये वेळ कुठे गेला ते शोधा. डावीकडचा 'टाइम ऑफ डे' रकाना सेकंदाच्या सात दशांश स्थळांपर्यंत वेळ दाखवतो. तो वरून खाली वाचत जा, आणि घड्याळाने कुठे उडी मारली ते बघा.

काउंटरवरच्या मशीनवर ते असं दिसलं. सी ड्राइव्हवर 'बिलिंग' फोल्डर, त्यात 'फॉरमॅट' फोल्डर, त्यात बिलाच्या नमुन्याची फाइल. कृती 'क्रिएट फाइल'. (नाव फसवं आहे. असलेली फाइल उघडायलाही विंडोज हीच कृती वापरतं.) रिझल्ट 'ॲक्सेस डिनाइड'. दोन सेकंदांनी तीच ओळ. पुन्हा दोन सेकंदांनी तीच. मी मोजल्या, ३० भरल्या. दोनाचे तीसदा साठ सेकंद, आणि वरचे १२ नेहमीचे. ७२ चा हिशोब पैशापैशाने जुळला. तीस खेपांनंतर प्रोग्रॅमने आपल्या पोटातला साधा नमुना उचलला, ज्यावर लोगो नव्हता.

दार कुणासाठी उघडं आहे

आता त्या फोल्डरवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', मग 'सिक्युरिटी'. वरच्या चौकटीत माणसांची आणि गटांची यादी, खाली त्यांना काय करता येतं ते. काहीही बदलण्याआधी या खिडकीचा मोबाइलवर फोटो काढा. हसू नका, या फोटोने मला तीन-चारदा वाचवलंय.

मुख्य 'बिलिंग' फोल्डरच्या यादीत 'ऑथेंटिकेटेड यूजर्स' होते, म्हणजे मशीनवर लॉगिन असलेलं कुणीही. आतल्या 'फॉरमॅट'वर मात्र तिघेच: सिस्टम, ॲडमिनिस्ट्रेटर्स आणि मालक. यादी वाचून खात्री होत नसेल तर 'ॲडव्हान्स्ड'मध्ये 'इफेक्टिव्ह ॲक्सेस' आहे. तिथे 'सिलेक्ट अ यूजर'मधून लॉगिनचं नाव द्या आणि 'व्ह्यू इफेक्टिव्ह ॲक्सेस' दाबा. त्या माणसाच्या वाट्याला शेवटी काय येतं ते टिक आणि फुलीने दिसतं. गटांची बेरीज-वजाबाकी डोक्यात करण्यापेक्षा हे बरं. ताईंच्या नावापुढे सगळ्या फुल्या.

हे झालं कसं? मालकांना बिलावर नवा लोगो हवा होता. त्यांनी 'फॉरमॅट' फोल्डर कॉपी करून आपल्या डेस्कटॉपवर घेतला, निवांत बसून लोगो बदलला, जुन्याचं नाव 'फॉरमॅट जुना' केलं, आणि डेस्कटॉपवरचा फोल्डर कट करून जागेवर पेस्ट केला. यात गैर काहीच नाही, तुम्ही-मीही हेच केलं असतं. पण विंडोजचा नियम असा आहे की कॉपी केलेली वस्तू नव्या घराच्या परवानग्या घेते, आणि एकाच ड्राइव्हवर कट करून हलवलेली वस्तू जुन्याच परवानग्या सोबत नेते. डेस्कटॉप हा ज्याचा त्याचा खासगी असतो. कॉपी करताना फोल्डरला मालकांच्या डेस्कटॉपचं कुलूप लागलं आणि कट-पेस्ट करताना ते कुलूप तसंच काउंटरवर आलं. पेनड्राइव्हवरून आणला असता तर हे घडलं नसतं, कारण तिथे बहुधा फॅट ३२ किंवा एक्सफॅट ही फायली साठवायची पद्धत असते आणि तीत परवानग्या मुळात साठतच नाहीत.

दुरुस्ती

सोपा मार्ग: मालकांच्या लॉगिनमध्ये जा, 'फॉरमॅट' फोल्डर त्याच जागी कॉपी करा, मूळचं नाव बदलून बाजूला ठेवा आणि कॉपीला 'फॉरमॅट' हे नाव द्या. कॉपी नव्या घराचे नियम घेते, विषय संपला. मी हेच केलं.

आत शंभर फोल्डर असतील तर वरच्या फोल्डरवरून निस्तरा. 'सिक्युरिटी', 'ॲडव्हान्स्ड', आणि तळाशी असलेली 'रिप्लेस ऑल चाइल्ड ऑब्जेक्ट परमिशन एंट्रीज' ने सुरू होणारी टिक. आतल्या सगळ्यांवर वरचे नियम चढतात. ही टिक फक्त तुमच्या प्रोग्रॅमच्या डेटा फोल्डरवर मारायची. सी ड्राइव्हच्या मुळावर, विंडोज किंवा प्रोग्रॅम फाइल्स फोल्डरवर चुकूनही नको. तिथल्या बऱ्याच फायली मुद्दाम 'ट्रस्टेड इन्स्टॉलर' या विंडोजच्या स्वतःच्या खात्याच्या ताब्यात ठेवलेल्या असतात. तो ताबा आपण घेतला तर पुढचे अपडेट अडू शकतात आणि मूळ स्थिती परत आणणं जिकिरीचं होतं.

'एव्हरीवन'ला 'फुल कंट्रोल' देऊन टाकायचा मोह प्रत्येकाला होतो. मलाही झालाय, आणि सुरुवातीच्या काळात मी दिलाही आहे. काम लगेच होतं, हीच त्याची अडचण. हिशोबाच्या फायली कुणीही पुसू शकतं, आणि खंडणीखोर व्हायरस शिरला तर त्याला पायघड्याच. रोज बिल करणाऱ्याला 'मॉडिफाय' पुरतं.

तसंच 'डिनाय'च्या रकान्याला हात लावू नका. थेट लावलेला नकार परवानगीवर मात करतो. कुणीतरी वैतागून 'यूजर्स' गटाला 'डिनाय' लावतं आणि त्या गटात आपणही आहोत हे विसरतं.

हेच दुखणं, वेगळी सोंगं

जुन्या मशीनची डिस्क नव्यात बसवली असेल तर यादीत माणसाच्या नावाऐवजी 'एस-१-५-२१' ने सुरू होणारा लांबलचक आकडा दिसेल. तो जुन्या मशीनवरच्या लॉगिनचा ओळखक्रमांक. नवं मशीन त्याला ओळखत नाही. नवं लॉगिन यादीत घाला आणि मगच तो आकडा काढा, उलट क्रमाने नको.

जुना ३२ बिटचा प्रोग्रॅम आपला डेटा प्रोग्रॅम फाइल्समध्येच लिहायला बघत असेल तर प्रकरण मजेशीर होतं. व्हिस्टा या आवृत्तीपासून विंडोज अशा प्रोग्रॅमला नकार देण्याऐवजी त्याचं लिखाण गुपचूप प्रत्येक लॉगिनच्या 'ॲपडेटा'मधल्या 'व्हर्च्युअलस्टोअर' फोल्डरमध्ये वळवू शकतं. त्यामुळे ताईंची सेटिंग वेगळी, मालकांची वेगळी, आणि ॲडमिन म्हणून उघडलं तर तिसरीच. "काल केलेली नोंद आज दिसत नाही" ही तक्रार आली की आधी तिथे डोकवा. डेटाची जागा बदलायची सोय प्रोग्रॅममध्ये असेल तर डेटा वेगळ्या फोल्डरवर न्या. नसेल तर विक्रेत्याला विचारा.

डेटा दुसऱ्या संगणकावर असेल तर कुलपं दोन: शेअरचं आणि सिक्युरिटीचं. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्हींतलं जे कडक तेच लागू होतं. 'ॲडव्हान्स्ड शेअरिंग'मधून शेअर केल्यावर मुळात 'एव्हरीवन'ला फक्त वाचायची मुभा असते, म्हणून सिक्युरिटीत कितीही टिक मारल्या तरी लिहिता येत नाही. तिकडचा पासवर्ड बदललाय आणि इकडे 'क्रेडेन्शियल मॅनेजर'मध्ये जुनाच साठवलाय, हेही नेहमीचं. ती नोंद काढून नव्याने जोडा.

आणि सिक्युरिटीची यादी अगदी निर्मळ, तरीही 'डॉक्युमेंट्स'मध्ये लिहिताना नकार? मग विंडोज सिक्युरिटीत 'रॅन्समवेअर प्रोटेक्शन' उघडून 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' चालू आहे का बघा. हे २०१७ मध्ये विंडोज १० मध्ये आलं. चालू असेल तर बंद करू नका, आपला प्रोग्रॅम त्याच्या परवानगीच्या यादीत घाला.

यांपैकी काहीच जुळलं नाही आणि घड्याळाची उडी नकाराच्या ओळींपाशी नसून भलतीकडेच असेल, तर परवानग्यांना हात लावू नका. उडीच्या आधीची आणि नंतरची अशा दहा-दहा ओळींचा फोटो काढून विक्रेत्याच्या माणसाला पाठवा. "सॉफ्टवेअर स्लो आहे" यापेक्षा त्या फोटोला उत्तर लवकर येतं.

दुरुस्तीनंतर पुन्हा मोजायचं, आणि तेही अडचण असलेल्या लॉगिनवरूनच. मशीन रीस्टार्ट केलं, ताईंनी पासवर्ड टाकला, डबल क्लिक केलं. १३ सेकंद. रांगेतल्या पहिल्या माणसाचं सोयाबीनच्या दोन पिशव्यांचं बिल निघालं, वर लोगो. मालकांनी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे प्रिंटर चांगलाय तर. मी नवा सांगून ठेवला होता." 'फॉरमॅट जुना' आणि बाजूला ठेवलेला मूळ फोल्डर मी महिनाभर राहू द्यायला सांगितलं.